शंकरपाळ्याएवढे कापड

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघर कापडाची परीक्षा सुरू होते. रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, इस्त्री टिकेल का, आणि सर्वांत मुख्य म्हणजे चारचौघांत कसे दिसेल, हे चार प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहेत. ते विचारून आपण ठाणावरून हात फिरवतो, दुकानदार शपथेवर उत्तरे देतो, आणि दोन्ही पक्षांचे समाधान होते. पण या गर्दीत एखादा डोंगर चढणारा प्राणी शिरला की सगळा व्यवहार अडतो. त्याचा प्रश्न पाचवाच असतो. तो विचारतो, "ही विजार घातल्यावर गुडघा छातीला लागेल का?"

दुकानदाराजवळ याचे उत्तर नसते. त्याचा तो दोष नाही. दुकानातला आरसा उभ्या माणसासाठी टांगलेला असतो, आणि उभा माणूस कोणत्याही विजारीत बरा दिसतो. विजारीचा खरा स्वभाव कळतो तो पाय उचलल्यावर. पंगतीत पाटावर बसताना किंवा एस.टी.ची उंच पायरी गाठताना झालेला तो 'टर्र' असा आवाज पुष्कळांनी ऐकलेला असतो, आणि मग उरलेला समारंभ भिंतीला पाठ लावून साजरा केलेला असतो. सपाटीवरच्या माणसाचे एवढ्यावर भागते. कड्यावरच्या माणसाची पंचाईत अशी की, त्याची भिंत समोर असते आणि पाठ सगळ्या जगाकडे!

तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात लिहायला हिला दुसरा विषय मिळाला नाही का? पैठणीवर लिहावे, शालूवर लिहावे. पण पैठणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. विजारीचे आसन बिचारे जन्मभर सगळ्यांचा भार सोसते आणि त्याच्याविषयी कोणी दोन ओळी लिहीत नाही. शिवाय या आसनापायी आमच्या घरात यंदा जी चर्चा झाली, ती निव्वळ कापडाची राहिली नाही. म्हणून लिहिते आहे.

खानदेशात राहून डोंगराच्या गोष्टी कसल्या सांगता, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे मला विचारतात. त्यांच्या लेखी खानदेश म्हणजे केळी, भरीत आणि ऊन. पण धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे निघालात की दहा किलोमीटरांच्या आतच लळिंगचा किल्ला रस्त्यावर वाकून तुमच्याकडे बघतो. फारुकी सुलतानांच्या काळात त्याचा मोठा मान होता. साक्रीकडे भामेर आहे, आग्र्याच्या वाटेवर सोनगीर आहे. चाळीसगावहून पाटणादेवीच्या रानात शिरलात तर डोक्यावर कण्हेरगड उभा असतो, आणि चढाच्या वाटेवर नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी लागतात. उत्तरेला तर सबंध सातपुडा भिंतीसारखा आडवा पडलेला आहे. आणि आगगाडीने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक जळगावकराने मनमाडपाशी आकाशात अंगठा रोवल्यासारखा दिसणारा तो सुळका पाहिलेला असतो. त्याचे नाव हडबीची शेंडी. जिल्ह्याने ती नाशिकची, पण खिडकीने आमची.

या शेंडीचा शेवटचा टप्पा दोरीवाचून चढू नये असा आहे. माझी भाची, म्हणजे जळगावच्या दादाची मुलगी, आठवड्याचे सहा दिवस नोकरी करते आणि सातव्या दिवशी असल्याच कुठल्या तरी कड्याला दोरी बांधून लटकते. आमच्या पिढीला हे नवल वाटते, पण महाराष्ट्रात हा नाद आता जुना झाला आहे. मुंबईची 'गिरिविहार' ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर जाऊन आले. कृत्रिम भिंतीवर चढण्याची विश्वचषक स्पर्धा २०१६ साली थेट नवी मुंबईत भरली. आणि २०२१ साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला गेला. तेव्हा भाचीला वेड लागले आहे असे म्हणायची सोय उरलेली नाही.

प्रश्न आला तो विजारीचा. तिची जीनची पँट दोन वेळा आसनाशी फाटली. चढाईसाठी मुद्दाम बनवलेल्या विजारी बाजारात मिळतात. तिने मोबाईलवर एक दाखवली. किंमत वाचून दादा म्हणाला, "एवढ्यात माझे दोन सफारी शिवून झाले असते." दादाच्या हिशेबात सफारी हे चलन अजून चालू आहे. शेवटी मीच तिला घेऊन आमच्या जुन्या शिंपीकाकांकडे गेले. काकांनी टेप गळ्यातून काढली आणि नेहमीचे आश्वासन दिले, "ताई, काळजी नको. पँट अशी बसेल की बघत राहाल."

भाची म्हणाली, "काका, बसायला नको आहे. उठायला पाहिजे आहे." आणि तिने शेजारच्या उंच स्टुलावर एक पाय ठेवून गुडघा छातीला लावून दाखवला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "असं सांगा ना मग! ही पँट नव्हेच. हा पायजम्याचा भाऊ झाला. ह्याला मियानी घालावी लागेल." त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा घेतला, कात्री फिरवली, आणि टेबलावर एक कागदी आकृती टाकली. ती हुबेहूब शंकरपाळ्यासारखी होती.

पुढची पाच मिनिटे काकांनी जे सांगितले, ते मी इतकी वर्षे कपडे शिवून घेत असून कधी ऐकले नव्हते. साध्या विजारीत पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतली अशा चार शिवणी दोन पायांच्या मध्ये एका बिंदूत येऊन मिळतात. पाय वर उचलला की सगळी ओढ त्या एका बिंदूवर येते. दोरा किती सोसणार? लोक यावर उपाय म्हणून आसन ढगळ करायला सांगतात. पण तो उपाय उलटा पडतो. आसन जितके खाली लोंबेल तितक्या मांड्या एकमेकींना बांधल्या जातात, आणि पाय उचलायला गेले की सबंध विजारच वर ओढली जाते. खरी युक्ती ही की, आसन अंगाच्या जवळ ठेवायचे आणि त्या चार शिवणींच्या तोंडाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा बसवायचा. मग चारही शिवणी एका ठिकाणी भेटतच नाहीत. ओढ तुकड्याच्या चारी कडांवर वाटली जाते, आणि कापड तिरक्या अंगाने थोडे ताण देते. सलवारीत, पायजम्यात, घोड्यावर बसणाऱ्यांच्या इजारीत ही मियानी कित्येक शतके घातली जात आहे.

घरी येऊन मी जरा वाचून पाहिले, तेव्हा गंमत कळली. अमेरिकेत योसेमिटी नावाचे खोरे आहे. तिथल्या प्रचंड कड्यांवर १९७० च्या दशकात काही मुलांनी आपले तारुण्य घालवले. त्यांच्यातल्या माइक ग्रॅहॅम नावाच्या चढाऊ गड्याने १९८२ साली 'ग्रामिची' या नावाने विजारी शिवायला सुरुवात केली. त्या जगभर गाजल्या त्या दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे आसनातला हाच तुकडा, आणि दुसरी म्हणजे एका हाताने आवळता येणारा कमरेचा पट्टा. दुसरा हात खडकाला धरलेला असतो ना! त्याच देशातला ईव्हॉन शुईनार्ड हा मूळचा लोहारकाम करणारा गिर्यारोहक. कड्यात ठोकायच्या खिळ्या तो स्वतः घडवीत असे. पुढे त्याने कपड्यांचा धंदा काढला, तेव्हा इतक्या जाड कॅनव्हासची अर्धी विजार शिवून घेतली की, ती चामड्याच्या वस्तू शिवण्याच्या यंत्रावर शिवावी लागली. शिवून झाल्यावर ती टेबलावर आपल्या पायांवर उभी राहिली, म्हणून तिचे नावच 'उभी विजार' असे पडले. तिकडच्या लोकांनी हे शोध लावून लौकिक मिळवला. आमच्या शिंपीकाकांना त्यातले निम्मे आधीच ठाऊक होते. पण त्यांना कोणी 'उठायला पाहिजे' असे सांगितलेच नव्हते.

आता चढणाऱ्याच्या बाकीच्या मागण्या ऐका. कंबर नाडीची किंवा रबराची हवी. कारण दोरीवर चढताना कमरेला आणि मांड्यांना 'हार्नेस' नावाचा पट्ट्यांचा साज बांधतात. त्याच्याखाली चामडी पट्ट्याचे धातूचे बक्कल आले की ते पोटात रुतते. म्हणजे ज्या नाडीला आपण गावंढळ ठरवून हद्दपार केले, ती नाडी कड्यावर पुन्हा मानाने परतली आहे. मागचा खिसा नको; त्याचे बटण खडकावर घासते आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली टोचते. खिसा हवा तो मांडीच्या बाजूला, चेनचा, म्हणजे वाकल्यावर किल्ली खाली दरीत जात नाही. गुडघ्याशी दोन टक घालून कापडाला आधीच थोडा बाक द्यावा, कारण चढणाऱ्याचा गुडघा सरळ असा क्वचितच असतो. पायाची मोहरी अरुंद हवी, नाहीतर वर सरकवून बांधता यायला हवी. स्वतःच्या पायाचा अंगठा कुठे टेकतो आहे हे ज्याला दिसत नाही, त्याने चढू नये. पूर्वी सायकलवाले मोहरीला चिमटा लावीत, तो साखळीसाठी. इथे तोच धडा जिवासाठी शिकायचा.

ही झाली सगळ्या जगाची मागणी. खानदेशची स्वतःची मागणी वेगळीच आहे, आणि ती परदेशी कारखान्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्याकडे पहिला शत्रू कुसळ. पावसाळा संपून दिवाळीच्या सुमारास लळिंगच्या कुरणातले गवत पिकते. चढायला हवा उत्तम, आकाश स्वच्छ, आणि गवताच्या प्रत्येक काडीला भाल्यासारखी कुसळे. या कुसळाला पीळ असलेली एक लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यासरशी टोक आत आत शिरते. निसर्गाने ही योजना बी जमिनीत पेरण्यासाठी केली. पण कुसळाला जमीन आणि माणसाची पोटरी यांतला फरक कळत नाही. लोकरीची, कॉर्डरॉयची किंवा सैल विणीची विजार घालून कुरणातून गेलात तर घरी येऊन संध्याकाळ कुसळे वेचण्यात जाते. त्यासाठी कापड गुळगुळीत आणि घट्ट विणीचे पाहिजे. कुसळ त्यावर बसते, पण घर करीत नाही.

दुसरा शत्रू बोरी-बाभळीचा काटा. तिसरा आमचा काळा कातळ. वरून गुळगुळीत दिसतो, पण घासल्यावर कानशीसारखे काम करतो. आणि चौथा, सर्वांचा बाप, म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा शहाणा माणूस डोंगराकडे पाहतसुद्धा नाही. पण फेब्रुवारीतल्या दुपारीही कातळ तापून भाकरीच्या तव्यासारखा होतो. त्या वेळी अंगाला सूतच हवे असे आमच्या कापसाच्या मुलखातली माणसे म्हणतात. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा केव्हाच थांबला, तरी कापसाचा अभिमान थांबलेला नाही.

शास्त्र या वादात दोघांनाही थोडे थोडे शहाणे ठरवते. कापूस नुसत्या हवेतलाच ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून कोरड्या उन्हात घामाने भिजलेले सूत हळूहळू वाळते आणि अंगाला गारवा देते. पण हेच सूत पावसात किंवा थंडीत भिजले की वाळता वाळत नाही, जड होते, आणि अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून हिमालयात जाणारे लोक सुती विजारीला चार हात दूर ठेवतात. अर्थात सूतही काही हार मानणारे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या संशोधकांनी लांब धाग्याच्या कापसाचे 'व्हेंटाइल' नावाचे इतके घट्ट कापड विणले की, पाणी लागताच त्याचे धागे फुगतात आणि छिद्रे आपोआप मिटतात. समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होते. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग ज्या मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले, तिचे वाराबंद कपडे सूत आणि नायलॉन यांच्या मिश्र विणीचे होते. शिंपीकाकांनी आमच्यासाठी हाच मध्यममार्ग काढला. घट्ट विणीचे, निम्मे सूत, निम्मे टेरिन, मातकट रंगाचे. काळा रंग त्यांनी स्वतःहून नाकारला. किल्ल्यांवर आग्या मोहोळे असतात, आणि मधमाश्या चिडल्या म्हणजे गडद रंगावर आधी धावून येतात, हे त्यांना त्यांच्या गावाकडचे ज्ञान.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. घरात वाद पेटला तो लांबीवरून. भाचीला आणखी एक अर्धी विजार हवी होती. दादा वर्तमानपत्राआड गेला. वहिनी म्हणाल्या, "पूर्ण लांबीची कितीही शिव. पण हाफ पँट घालून गावातून जायचं, म्हणजे लोक काय म्हणतील?"

अर्धी की पूर्ण, हा वाद चढणाऱ्यांतही आहे, पण तो लोकांवरून नाही, गुडघ्यांवरून आहे. अर्धी घातली तर वारा लागतो, पाय हलका होतो, पावसात ती चटकन वाळते, आणि पाऊल नीट दिसते. पूर्ण घातली तर काटा, कुसळ, ऊन आणि खडक यांपासून कातडी वाचते. दोन कातळांच्या फटीत पाठ आणि गुडघे रोवून वर सरकायचे असेल तर उघड्या गुडघ्यांची सालटी निघतात. म्हणून आमच्या मुलखात कुरणातून जायला पूर्ण, आणि स्वच्छ कातळावर सकाळच्या वेळी अर्धी, असा बहुतेकांचा निवाडा. त्यात लाजेचा मुद्दा कुठे येत नाही.

आणि ज्या गावातल्या लोकांची वहिनींना चिंता, त्या गावातल्या बाया काय करतात? शेतात लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून त्या दिवसभर वाकतात, बांध चढतात, डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरतात. लळिंगच्या पायथ्याशी एकदा अशीच एक म्हातारी भाचीला भेटली होती. "कथा चालनी वं माय?" असे तिने विचारले, विजारीकडे एक नजर टाकली, आणि "बरं शे" म्हणून पुढे गेली. लोक काय म्हणतील, याचे हे एक उत्तर.

खरे पाहता आपल्या बायकांच्या अंगावर डोंगर चढण्याचे वस्त्र फार पूर्वीपासून होते. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला की दोन्ही पाय सुटे होतात. त्यात चार शिवणी एका बिंदूत येण्याचा प्रश्नच नाही, कारण शिवणच नाही. रायगडचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची गोष्ट आपण सांगतो. ती दंतकथा असो की इतिहास असो, सांगणाऱ्याने तिला नेसवलेले लुगडे काष्ट्याचेच असते. माझी आजी चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जात असे. खानदेशातून अजूनही हजारो लोक तसे जातात. आजी निघताना काष्टा कसून मागे खोचायची, आणि मग तिला पायरी काय अन् दगड काय, सारखेच.

याच काळात युरोपातल्या बायका काय करीत होत्या? आंरिएत दांजव्हील ही बाई १८३८ साली माँ ब्लांवर चढली, तेव्हा तिने लांब झग्याच्या आत विजार घातली होती. म्हणजे सोय आत आणि शिष्टाचार बाहेर. लूसी वॉकर १८७१ साली मॅटरहॉर्न चढली ती झगा घालूनच. १८९५ साली ॲनी पेक या अमेरिकन बाईने तोच मॅटरहॉर्न सरळ विजार घालून चढला, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा शिखराची कमी आणि विजारीची जास्त झाली. आणि १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री, जपानची जुन्को ताबेई, हिने पैशांच्या तंगीत जुन्या पडद्यांच्या विजारी शिवल्या होत्या. बायकांना शिखर गाठताना हवा विरळ होण्याआधी कापड आडवे आले, असे हा इतिहास वाचताना वाटते.

काष्ट्याचे मी फार गुणगान करते आहे असे वाटेल, म्हणून त्याची उणी बाजूही सांगते. भिजलेले नऊ वार लुगडे जड होते. त्यावर हार्नेस नीट बसत नाही. आणि दोरीवरून खाली उतरताना पदर, ओढणी किंवा सैल सदऱ्याचे टोक उतरण्याच्या कडीत अडकले तर माणूस अधांतरी लटकून राहतो. आजच्या दोरीच्या चढाईला विजारच हवी. पण चढणारा जे मागतो ते, म्हणजे पाय मोकळा हवा, हे काष्ट्याने जाणले होते.

मग मधल्या पिढीचे काय झाले? शहर झाले, नोकऱ्या आल्या, आणि नऊवारीच्या जागी सहावारी गोल पातळ आले. ते दिसायला सुटसुटीत, धुवायला सोपे, सुशिक्षित घरात शोभणारे. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. फक्त दोन पायांभोवती एक गोल वेढा पडला, आणि त्या वेढ्यात एक वीत उंचीची पायरी चढता येत होती, दोन वितींची नाही.

आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. मी आठ-नऊ वर्षांची असताना घरातले सगळे लळिंगला गेलो. आजी काष्टा ओढून वर निघाली. अण्णा आणि आम्ही मुले तिच्या मागे. आई पायथ्याच्या जुन्या महादेवाच्या देवळापाशी डबे आणि जास्तीच्या चपला सांभाळीत बसली. वरून टाकी पाहिली, दूरवर धुळे पाहिले, आणि उतरलो तेव्हा ती तिथेच होती. त्यानंतरही सहली झाल्या, आणि दर वेळी आई खालीच बसली. "आईला डोंगराची आवड नाही," असे एक वाक्य आमच्या घरात रूढ झाले. तिनेही ते कधी खोडले नाही.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. जळगावला दादाकडे असते. विजार तयार होऊन आली त्या संध्याकाळी वहिनींचा आणि भाचीचा वाद चालू होता, आणि आई पलंगावर बसून वाती वळीत होती. भाची विजार घालून बाहेर आली. आई म्हणाली, "इकडे ये बघू." तिने कापड चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाली, "उचल पाय."

भाचीने पाय उचलला. गुडघा छातीला लागला.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला लळिंगला वर यायचं होतं गं. अर्ध्या वाटेपर्यंत आलेही असते. पण पातळ होतं ना. वर खोचायचं तर सासरे बरोबर होते."

माझे आजोबाही त्या सहलीला होते, हे तेव्हा मला आठवले. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवले. आईने बोट लावून तो आसनातला तुकडा चाचपला. "ह्याला कापड किती लागलं?"

"वीतभर, आजी. काका म्हणाले, कापताना उरतं त्यातलंच."

"एवढंच?" आई म्हणाली, आणि पुन्हा वातीला लागली.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी स्वतः काकांकडे जाऊन अर्ध्या विजारीचे माप देऊन घेतले. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनी सोडला असे मी म्हणणार नाही. त्यांनी विजार गुडघ्याच्या चार बोटे खाली आणायला सांगितली, आणि भाचीने दोन बोटांवर तडजोड केली. संसारात प्रगती बहुधा बोटांनीच मोजावी लागते.

शिंपीकाकांचे आता बरे चालले आहे. भाचीच्या टोळीतल्या सात-आठ जणांनी त्यांच्याकडे विजारी टाकल्या. तो वर्तमानपत्राचा शंकरपाळा त्यांनी पुठ्ठ्यावर कापून खिळ्याला अडकवून ठेवला आहे. शिलाईचा हिशेब करताना मी विचारले, "काका, मियानीचे वेगळे किती?" तर ते म्हणाले, "एवढ्याशा तुकड्याचे पैसे कसले घ्यायचे, ताई?"

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातल्या मुलींना कपडे घ्याल, तेव्हा रंग पाहा, पोत पाहा, भाव करा. पण दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी त्यांना एकदा पाय उचलून बघायला सांगा. दुकानदार हसेल. हसू द्या.